चौकोन-त्रिकोणांच्या चित्रात हालचाल आणि भावना येते कुठून?

तुझा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. तू इथेच नागपूरला आर्किटेक्चर करून राहिला आहेस, आणि सुट्टीत ॲक्रिलिकमध्ये चौकोन-त्रिकोण-वर्तुळांची चित्रं करतोस, सगळं स्केलने मोजून, टेप लावून, एकदम क्लीन. घरचे म्हणतात टाइल्सचं डिझाइन वाटतं, आणि एका सरांनी सांगितलं की जिऑमेट्रीत भावना येतच नाही, त्यासाठी हात मोकळा सोडावा लागतो. सोबत एका चित्राचा फोटो आहे. तीन बाय तीन फुटांचा कॅनव्हास, पांढऱ्यावर आठ-आठ इंचाचे नऊ गडद निळे चौकोन, सगळीकडे सारखं अंतर, आणि बरोब्बर मधल्या चौकोनात लाल गोल. आणि विचारतोस की ताई, यात हालचाल आणि इमोशन आणू कसं.

पहिले त्या सरांच्या वाक्याचं बघू, कारण असं वाक्य डोक्यात बसलं की पुढे हातच चालत नाही. मला ते पटत नाही. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी ॲनिमेशन फिल्म केली होती, त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक छोटा गोल, आणि दार उघडमीट होणारा एक चौकोन, बस एवढंच. लोकांना दाखवून विचारलं काय दिसलं, तर जवळपास सगळ्यांनी माणसांची गोष्ट सांगितली, की मोठा त्रिकोण दांडगट आहे, तो बाकी दोघांना छळतो, गोल घाबरून आत लपतो. ना चेहरा, ना डोळे, ना ब्रशचा एक फटकारा. म्हणजे साध्या आकारांना माणूस आपणहून जीव लावतो, ही आपली जन्माचीच खोड आहे, आणि जिऑमेट्रिक काम करणाऱ्याचं सगळं भांडवल हेच आहे.

आणि हात मोकळा सोडला की भावना येते हेही तितकंच कच्चं आहे. वासुदेव गायतोंडे बघ, जन्म नागपूरचा, १९२४ चा, पुढचं आयुष्य मुंबई-दिल्लीत गेलं. ते काही जिऑमेट्रिक चित्रकार नव्हते, स्वतःच्या कामाला ॲबस्ट्रॅक्टही म्हणायचे नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्र नसलेलं. पण ती चित्रं रोलरने आणि नाइफने थर चढवून, काढून, परत चढवून झालेली आहेत, वर्षाकाठी मोजकीच. भावनेच्या भरात फिरवलेला ब्रश त्यात शोधून सापडत नाही. बरं, तू आर्किटेक्चरचा आहेस, दीक्षाभूमीच्या स्तूपात गेलाच असशील, अर्धगोल घुमट, चार दिशांना चार दारं, आत १२० फूट व्यासाची मोकळी जागा. तिथे जे वाटतं त्यात १९५६ च्या त्या दिवसाचा आणि तिथे येणाऱ्या माणसांचा वाटा मोठा आहेच, पण ते सगळं वाटायला जागा करून देणारा आकार अगदी साधी भूमिती आहे. तेव्हा सरांचं ते वाक्य बाजूला ठेव.

आता मुद्द्यावर येते. चित्र हलत नाही, डोळा हलतो. एका ठिकाणी टक लावून बघतोय असं आपल्याला वाटतं तेव्हाही डोळ्याच्या बारीक बारीक हालचाली चालूच असतात, तो पूर्ण थांबतच नाही. आणि नजर पुढे सरकते ती अंदाज बांधत. तीन चौकोन सारख्या अंतरावर दिसले की चौथा कुठे असणार हे तिने ठरवून टाकलेलं असतं. चौथा तिथेच मिळाला की तिचं काम संपलं, ती उठून जाते. चौथा थोडा अलीकडे आला, थोडा पलीकडे गेला, की तिथे एक धक्का बसतो, आणि त्या धक्क्यालाच आपण हालचाल म्हणतो. म्हणून मी शिकवताना एकच गोष्ट सारखी सांगते, की आकारांकडे नंतर बघ, आधी दोन आकारांच्या मधल्या अंतराकडे बघ, कारण हालचालही तिथे आहे आणि भावनाही तिथेच आहे. तुझ्या चित्रात नऊ चौकोन आहेत पण अंतर एकच आहे, तेच परत परत. घरच्यांना टाइल्स दिसल्या त्या यामुळे, त्यांचं काही चुकलेलं नाही.

ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीचं १९६१ चं 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' नेटवर शोध आणि मोठं करून पाहा. घाईत बघू नको, स्केल हातात घेऊन बघ. काळे-पांढरे चौकोन आलटून पालटून, ओळीवर ओळी. उंची सगळ्यांची शेवटपर्यंत तीच, तिला हातच लावलेला नाही. फक्त रुंदी बदलते. डावीकडे पूर्ण चौकोन आहे, मग जरा अरुंद, मग अजून अरुंद, करत करत नुसत्या चिरा उरतात, आणि तिथून पुढे रुंदी परत वाढायला लागते. पण ती चिरांची जागा चित्राच्या मध्यावर नाहीये, उजवीकडे सरकलेली आहे. म्हणजे डावीकडून आत ओढलं जायला भरपूर वेळ मिळतो, आणि बाहेर पडायला मात्र जागा कमी. ती जागा बरोब्बर मध्यावर असती तर ते एक छान सिमेट्रिकल डिझाइन झालं असतं, लोक वा म्हणून पुढे गेले असते. ती सरकवल्यामुळे पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. एकच नियम, एकच गोष्ट बदलणारी, आणि तो बदल कुठे सगळ्यात तीव्र होणार याचा निर्णय. या तीन गोष्टींपलीकडे त्या चित्रात काहीही नाही, रंगसुद्धा नाही.

भावना म्हटलं की आपल्याकडे लगेच दुःख, आनंद, राग, प्रेम अशी यादी सुरू होते आणि मुलं त्या यादीला आकार चिकटवायला जातात. जिऑमेट्रिक कामात भावना त्याच्या एक पायरी आधीची असते, शरीराला कळणारी. दाटणं, मोकळं होणं, तोल जाणं, भार पडणं, अडकणं, सुटणं. एक काम कर, मी नवीन मुलांना पहिले हेच करायला लावते. हाफ इंपिरियल कागद (साधारण पंधरा बाय बावीस इंचाचा) आडवा भिंतीवर लाव आणि काळ्या कागदाचा तीन इंचाचा एक चौकोन काप. तो मधोमध ठेव, काहीच होत नाही, तो बसलाय. थोडा वर सरकव, हलका होतो. खाली आण, जड होतो, आणि अगदी तळाला टेकवला की झोपतो. आता उजव्या कडेकडे ने, आणि कडेपासून अर्ध्या बोटावर थांबव. बघ कसं वाटतं, ती जी बारीक पांढरी फट राहते ना ती सहन होत नाही, एक तर हा चौकोन कडेला लागू दे नाहीतर मागे घे असं होतं. आता तो कडेला लावून टाक, लगेच सुटल्यासारखं वाटतं. अजून पुढे ने, अर्धा बाहेर कापला जाईल असा, की तो बाहेर चाललाय किंवा आत येऊन राहिला आहे. आता कागदाच्या मध्यावर परत आण पण पाच-सात अंशाने तिरका करून, आणि बघ की पूर्ण पंचेचाळीस अंश तिरका केला तर तो उलट स्थिर होतो, टोकावर नीट उभा राहतो, पण पाच-सात अंशात मात्र पडतोय पडतोय असं होतं. रंग नाही, दुसरा आकार नाही, कागद तोच, चौकोन तोच. तरी इतक्या सगळ्या अवस्था त्यातून निघाल्या. हे सगळं हाताने सरकवून बघायचं, कॉम्प्युटरवर नाही, कारण कॉम्प्युटरवर स्नॅप होऊन तो आपोआप सरळ जागी जाऊन बसतो आणि नेमकी ती अर्ध्या बोटाची फट हातून निसटते.

मालेविच या रशियन चित्रकाराने हे किती बारकाईने वापरलंय ते त्याच्या १९१५ च्या लाल चौकोनात दिसतं. पांढऱ्यावर एक लाल चौकोन, आणि चित्राच्या पूर्ण नावात मात्र एका शेतकरी बाईचा उल्लेख आहे. पण तो नीट चौकोन नाहीच, बाजू एकमेकींना बरोबर समांतर नाहीत, एक कोपरा जरासा ओढलेला. गुण्या लावून बघितलास तर लगेच कळेल, नुसतं बघितलंस तर कळणार नाही पण जाणवेल, आणि हा कळण्या-जाणवण्यातला फरक फार महत्त्वाचा आहे. नियम इतका मोडायचा की डोळ्याला टोचेल पण बोट ठेवून सांगता येणार नाही. जास्त मोडलास तर ती गंमत होते, कमी मोडलास तर चूक वाटते. १९१८ चं त्याचं पांढऱ्यावर पांढरं तर त्याहून पुढचं, जरा उबदार पांढऱ्यावर थंड पांढरा तिरका चौकोन, आणि तो कॅनव्हासच्या वरच्या अंगाला निघून चाललाय असं वाटत राहतं, कारण कडाच इतक्या हलक्या आहेत की डोळा त्याला धरून ठेवू शकत नाही.

चित्रकार जोसेफ आल्बर्स हा मालेविचच्या अगदी दुसऱ्या टोकाचा माणूस. १९५० पासून १९७६ ला जाईपर्यंत एकच काम, चौकोनात चौकोनात चौकोन, हजाराहून जास्त चित्रं. लोकांना वाटतं मधोमध ठेवलेत. तसं नाहीये, आतला चौकोन खाली उतरलेला असतो, खालचं अंतर १ धरलं तर बाजूंचं २ आणि वरचं ३. एवढ्यानेच त्याला भारही येतो आणि वर उठायची ओढही. मग रंग बदलले की तेच मोजमाप कधी खोल विहिरीत नेतं तर कधी अंगावर येतं. आर्किटेक्चरवाल्यांना आल्बर्स लवकर कळतो असं माझं निरीक्षण आहे, तुला तर वेळच लागणार नाही, ग्राफ पेपरवर दहा बाय दहाच्या घरात आखून बघ.

रंगाकडे वळते, आणि इथे जरा जास्त थांबणार आहे कारण तुझं चित्र खरं इथे अडकलंय. रंगाला तीन अंगं, कोणता रंग, किती गडद-फिका, किती झणझणीत. मुलांचं सगळं लक्ष पहिल्यावर असतं आणि हालचाल बरीचशी दुसऱ्यावर, म्हणजे टोनवर अवलंबून असते. दोन रंगांचा टोन सारखा असला, एक नारिंगी घे आणि एक हिरवट निळा घे, दोन्ही तितकेच उजळ, की त्यांच्या मधली कड थरथरायला लागते. कारण रंग वाचणं आणि उजेड-अंधार वाचणं ही मेंदूत बऱ्याच अंशी वेगवेगळी कामं आहेत, आणि वस्तू नेमकी कुठे आहे, हलते की नाही, हे मुख्यत्वे उजेड-अंधारावरून ठरतं. टोनचा फरकच नाही म्हटल्यावर जागा पक्की ठरत नाही, आणि ते हलायला लागतं. हार्वर्डच्या न्यूरोबायॉलॉजिस्ट मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी डच चित्रकार मोन्द्रियानच्या 'ब्रॉडवे बूगी वूगी'बद्दल हेच दाखवलंय. ते चित्र १९४२-४३ चं, मोन्द्रियान १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोचला होता, वय सत्तरीचं, आणि तिथल्या बूगी वूगी संगीताने वेडा झाला होता. वीसेक वर्षं ज्या जाड काळ्या रेघा मारल्या त्या त्याने सगळ्या काढून टाकल्या आणि जागी पिवळ्या पट्ट्या आणल्या, त्यात लाल, निळे, करडे बारके चौकोन. पिवळा आणि मागचा पांढुरका, दोघांच्या टोनमध्ये फारसं अंतर नाही, म्हणून पट्ट्या जागेवर राहत नाहीत, लुकलुकतात. काळ्या रेघा तशाच ठेवल्या असत्या तर ते चित्र नाचलंच नसतं. आणि हो, हे तो अंदाजाने करत नव्हता, रंगीत टेपचे तुकडे कॅनव्हासवर चिकटवून, काढून, सरकवून बघायचा. १९४४ मध्ये तो गेला तेव्हा पुढचं चित्र टेप लावलेल्या अवस्थेतच राहिलं.

आता तुझं चित्र. गडद अल्ट्रामरीन निळा, आणि मागे ट्यूबमधला सरळ पांढरा. टोनचा फरक जवळपास जास्तीत जास्त. त्यामुळे प्रत्येक कड खिळा मारल्यासारखी पक्की झाली आहे, हलायला तिला वावच नाही. लाल गोल त्यातल्या त्यात पुढे येतोय, कारण डोळ्याच्या भिंगातून लाल आणि निळा एकाच ठिकाणी फोकस होत नाहीत आणि बऱ्याच जणांना गडद निळ्यावरचा लाल वर तरंगल्यासारखा दिसतो. पण तो आलाय अगदी मधोमध, आणि मध्य ही कॅनव्हासवरची सगळ्यात शांत जागा. म्हणजे सगळ्यात चंचल रंग तू सगळ्यात शांत जागी नेऊन बसवलास, दोघं एकमेकांना गप्प करून राहिलेत. टोन तपासायला मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट कर, अगदी अचूक नसतो पण काम भागतं. त्याहून चांगलं म्हणजे डोळे किलकिले करून चित्रापासून लांब उभं राहा.

रंग म्हणजे अमुक भावना असे जे तक्ते फिरतात ते मनावर घेऊ नको. कँडिन्स्की या रशियन चित्रकाराने बाउहाउस या जर्मन कलाशाळेत १९२३ च्या सुमारास प्रश्नावली काढून त्रिकोणाला पिवळा, चौकोनाला लाल, वर्तुळाला निळा अशी जोडी पक्की करायचा प्रयत्न केला होता. त्याचं निरीक्षण, की पिवळा बाहेर पसरतो आणि निळा आत ओढला जातो, हे मला आजही कामाचं वाटतं, कारण ते हालचालीबद्दल आहे. पण जोड्या लावण्याचं प्रकरण चालत नाही. एकच लाल तू करड्याच्या शेजारी ठेव, मग नारिंगीच्या शेजारी ठेव, मग काळ्याच्या, आणि सांग तो कोणत्या भावनेचा आहे. पहिल्या जागी ओरडतो, दुसऱ्या जागी दबतो, तिसऱ्या जागी निखाऱ्यासारखा आतून पेटतो. हे शेजारचं प्रकरण शेव्हरल नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८३९ मध्ये पुस्तक लिहून मांडलं, आणि गंमत म्हणजे तो चित्रकार नव्हता, पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तक्रार आली की काळं सूत फिकं दिसतं, याने तपासलं तर सूत ठीकच होतं, शेजारचे रंग त्याला फिकं करत होते.

विणकामाचा विषय निघालाच आहे तर आपल्या विदर्भाची करवत काठी नीट पाहा, टसरची, घरात आजीकडे असेल नाहीतर इतवारीत दुकानात बघायला मिळेल. काठाचा रंग आणि अंगाचा रंग जिथे भेटतात तिथे करवतीचे दात, त्रिकोणाला त्रिकोण लागून. एक टक बघ, काठाचे त्रिकोण वर घुसलेत की अंगाचे त्रिकोण खाली घुसलेत? दोन्ही. नजर एकदा हे धरते एकदा ते, कारण दोन्ही रंगांचे दात सारख्याच मापाचे आहेत, मागचं-पुढचं असं कोणी नाहीच. आणि ते दात साडीच्या लांबीभर पळतात. ही हालचाल विणकरांनी कुठलंही आर्ट कॉलेज न करता पिढ्यान् पिढ्या सांभाळलीये. तुझ्या चित्रात पांढरा नुसता उरलेला आहे, त्याला काही काम नाही. निगेटिव्ह स्पेस म्हणून आपण जे शिकतो ते हेच, की दोन निळ्यांच्या मधला पांढरा हा पण एक आकार आहे, त्यालाही माप आहे, वजन आहे, आणि तो निळ्यावर चढाई करू शकतो.

तू म्हणशील मग चित्रकार रझा साहेबांचा बिंदू तर मधोमधच असतो, त्याचं काय. हा प्रश्न येणारच, आणि नागपूरला तर येणारच, कारण सय्यद हैदर रझा १९३९ ते ४३ इथल्याच स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला गेले, १९५० ला फ्रान्सला. मूळ मंडला जिल्ह्यातले, वडील जंगल खात्यात. शाळेत लक्ष लागत नव्हतं म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं, ही गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितलीये. पण बिंदू चित्रात ठळकपणे आला तो फार उशिरा, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, वय पन्नाशीच्या पुढे. आणि तो मधोमध चालतो याचं कारण आजूबाजूला आहे. त्या काळ्या गोलाभोवती कडी असतात, प्रत्येक कड्याचा टोन एकेक पायरी बदलत जातो, त्यामुळे नजर पायऱ्या उतरत आत जाते किंवा बाहेर फेकली जाते, थांबत नाही. आणि कडा टेपने कापलेल्या नसतात, ब्रशने भरलेल्या असतात, जरा जरा श्वास घेणाऱ्या. लहानपणी जंगलातल्या रात्रीची भीती आणि सकाळ झाल्यावरचा दिलासा याबद्दल ते बोलत असत, आणि मला त्या काळ्या गोलात ती रात्र दिसतेच. मध्य घ्यायला हरकत नाही, पण मग मध्यापर्यंत पोचायचा रस्ता तयार करावा लागतो. तुझा लाल गोल अचानक समोर येतो, रस्ता नाही.

कडांबद्दल दोन शब्द, कारण क्लीन कड म्हणजेच जिऑमेट्रिक असं तू धरून चाललायस. चित्रकर्ती नसरीन मोहम्मदींच्या रेघा पाहा, बडोद्याला शिकवायच्या, १९९० ला गेल्या. पेन्सिल, शाई, ड्राफ्टिंगची अवजारं, म्हणजे तुझ्याच टेबलावरचं सामान, आणि नुसत्या तिरक्या आणि आडव्या रेघा, काही ठिकाणी दाट काही ठिकाणी विरळ, काही मध्येच विरून जाणाऱ्या. शेवटच्या वर्षांत आजारामुळे हातांवरचा ताबा सुटत चालला होता तरी त्या रेघा तशाच राहिल्या. त्या रेघांसमोर कोणी म्हणावं की यात भावना नाही. दुसरी अमेरिकेतली चित्रकर्ती ॲग्नेस मार्टिन, सहा बाय सहा फुटांचे कॅनव्हास, त्यावर पेन्सिलच्या रेघांची जाळी. लांबून धुकं वाटतं, जवळ गेलं की कळतं रेघ कॅनव्हासच्या विणीवरून जाताना बारीक बारीक अडखळलीये. ती अडखळ पुसायची नाही. आणि सहा फूट हे मापही उगाच नाही, माणूस हात पसरून उभा राहिला की जेवढा होतो साधारण तेवढं, त्यामुळे ते चित्र अंगाला येऊन भिडतं. इन्स्टावर ही दोघीही काहीच वाटत नाहीत, त्यांना प्रत्यक्षच पाहावं लागतं.

टेप वापरायचीच असेल तर नीट वापर. टेप लावली की आधी तिच्या कडेवर खालचाच रंग, तुझ्या केसमध्ये पांढरा, किंवा मॅट मीडियम एक हात मारून वाळू दे, म्हणजे फट असेल ती बुजते, मग वरचा रंग दे, आणि रंग ओला असतानाच टेप मागे दुमडून हळू ओढ. आपल्याकडे मे महिन्यात ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं, टेप ओढली की रंगाची सालच निघून येते आणि कड दातेरी होते, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी सहा-सातला बसायचं, रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून मिसळतात ते) थोडा घालायचा, आणि कूलरचा झोत कॅनव्हासवर सरळ येऊ द्यायचा नाही. आणि सगळ्या कडा टेपच्या ठेवू नको. काही टेपच्या, काही हाताच्या. कडक कडेच्या शेजारी मऊ कड आली की मऊ कड मागे जाते, हेही अंतरच झालं, खोलीतलं.

तिरक्या रेघेबद्दल मात्र जरा सांभाळून. हालचाल पाहिजे म्हटलं की सगळे तिरकं करायला धावतात. विसाच्या दशकात मोन्द्रियानचा सोबती चित्रकार व्हान डूसबर्गने तिरकी रेघ आणली आणि मोन्द्रियानला ती नको होती, दोघांचं फाटायला बाकी कारणंही होती पण हे मोठं कारण होतं. मी मोन्द्रियानच्या बाजूची आहे. तिरक्या रेघेतून हालचाल फुकट मिळते, आणि फुकट मिळालेली लवकर विटते. आडव्या-उभ्यात राहून अंतरांच्या जोरावर हलवलंस तर ते टिकतं. तरी तिरकी घेतलीसच, तर लक्षात ठेव की आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून डावीकडे खालून उजवीकडे वर जाणारी रेघ चढते आणि उलटी रेघ उतरते. चित्र आरशात बघायची सवय लाव, तोल कुठे ढळलाय ते लगेच दिसतं.

तुझ्या निळ्या चित्राचं असं कर. टाकून देऊ नको, मांडणी चांगली सुरुवात आहे. छत्तीस इंचात आठ-आठचे तीन चौकोन म्हणजे चोवीस, उरले बारा, ते तू तीन-तीन-तीन-तीन असे वाटलेस. उभ्या दिशेला ते तसंच राहू दे. आडव्या दिशेला मात्र डाव्या कडेला पाच, मग साडेतीन, मग दोन, आणि उजव्या कडेला दीड असं कर. बेरीज बाराच. चौकोन सगळे आठचेच. आधी निळे कागद कापून याच मापात भिंतीवर लाव आणि काही दिवस तसंच राहू दे, येता-जाता नजर पडू दे, मुद्दाम बघत बसायची गरज नाही. उजवी रांग कडेवर दाबली जाईल, डावीकडे एक मोठी रिकामी जागा उघडेल. मग रंगाचा निर्णय घे, इथे दोन रस्ते आहेत. निळा आता आहे तसाच गडद ठेवलास तर ती गर्दी होईल, कोंडी होईल, उजवीकडे श्वास घ्यायला जागा नाही असं. किंवा मागचा पांढरा काढून तिथे फिकट निळसर करडा घे आणि चौकोन रांगेरांगेने फिके करत उजवीकडे ने, शेवटची रांग मागच्या टोनच्या अगदी जवळ आण, तर तेच चौकोन, त्याच जागा, पण आता ते कडेला जाऊन विरघळतील, कोणीतरी निघून चाललंय असं होईल. दोन्ही करून बघ, छोट्या मापात, बारा इंचाच्या पुठ्ठ्यावर, मापं तिसऱ्या हिश्शाने. तुला त्यातलं कोणतं हवंय हे मी सांगू शकत नाही, ते तूच ठरवायचं आहेस.

लाल गोल आत्ता काढून ठेव. दोन्ही पुठ्ठे झाले की मग तो कागदाचा कापून डावीकडच्या मोकळ्या जागेत फिरवून बघ, आणि वाटलं की लागतच नाही तर ठेवूच नको. झाल्यावर फोटो पाठव, समोरून एक, आणि एक बाजूने उजेडात कड दिसेल असा जवळून, म्हणजे रंगाचा हात कसा बसलाय तेही बघता येईल.